आपलं घर मोठं का आहे?

नमस्कार मंडळी.

ह्यूस्टनच्या शाळांबद्दल आणि आपल्या मुलांच्या कॉलेजप्रवेशाबद्दल मी बोलावं, असं कार्यकारिणीने सुचवलं होतं. मी एका शाळा जिल्ह्याच्या कचेरीत आकडेवारीचं काम करते, त्यामुळे विषय रोजचाच. भाषण लिहूनही झालं होतं. पण गेल्या महिन्यात घरी एक प्रसंग घडला आणि ते भाषण मागे पडलं. अध्यक्षांची परवानगी घेऊन आज त्या प्रसंगाबद्दल बोलते.

आमच्या छताचं काम निघालं होतं. ऑगस्टचं ऊन तुम्हाला सांगायला नको. सकाळी सहापासून पाच माणसं वर होती. त्या संध्याकाळी आपल्यातलीच काही कुटुंबं जेवायला आली होती. बोलण्याच्या ओघात एक जण म्हणाले, "मेक्सिकन लोक आहेत म्हणून हे एवढ्यात होतं. शिकत नाहीत, पण राबतात." माझा धाकटा सातवीत आहे. तो ताट घेऊन तिथेच उभा होता. म्हणाला, "काका, त्यातले दोघं होंडुरासचे आहेत, एक साल्व्हादोरचा, एक मेक्सिकोचा. आणि तो टोपीवाला इथेच शेजारच्या पासाडेनात जन्मलाय. मी पाणी द्यायला गेलो तेव्हा विचारलं." यावरून वाद झाला. आवाज चढले, श्रीखंड तसंच राहिलं. सगळे गेल्यावर भांडी आवरताना त्याने मला विचारलं, "आई, आपण त्यांच्यापेक्षा हुशार आहोत म्हणून आपलं घर मोठं आहे का?"

मी नाही म्हणाले. मग "का नाही?" आलं, आणि आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप उघडून बसलो.

पहिल्यांदा ही माणसं किती आहेत ते बघितलं. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेली, माणसं मोजली गेली. २०२४ च्या अंदाजात हा आकडा ६ कोटी ८० लाखांवर गेला, म्हणजे देशातल्या दर पाचांतलं एक माणूस. २०१० ते २०२० या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या जेवढी वाढली, त्यातली निम्म्याहून जास्त वाढ एकट्या या समाजाची. आपल्या ह्यूस्टन शहरात ते ४४ टक्के आहेत. टेक्ससच्या सरकारी शाळांत तर निम्म्याहून अधिक मुलं त्यांची. माझ्या मुलाला 'ते लोक' हा शब्द कळत नाही, याचं कारण हे आहे. त्याचा बेंचवरचा शेजारी, त्याचा गोलकीपर, त्याची वर्गप्रतिनिधी, सगळे 'ते' आहेत.

आणि हा एक समाजही नाही. साधारण साठ टक्के लोक मेक्सिकन वंशाचे. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांना व्हिसा नावाची गोष्ट ठाऊक नाही, आणि आज त्या बेटावर राहतात त्यापेक्षा जास्त पोर्तो रिकन मुख्य भूमीवर राहतात. क्यूबाची माणसं १९५९ च्या क्रांतीनंतर आली, त्यांचं राजकारण वेगळं, मायामीतली वस्ती वेगळी. साल्व्हादोर आणि ग्वाटेमालाची माणसं यादवी युद्धातून पळून आली. न्यू मेक्सिकोत अशी घराणी आहेत की ती अमेरिका नावाचा देश होण्याआधीपासून तिथे आहेत. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहात मेक्सिकोचा निम्म्याहून मोठा मुलूख अमेरिकेकडे आला आणि त्यावरची माणसं जागच्या जागी अमेरिकेत आली. आपण सीमा ओलांडली नाही, सीमा आपल्यावरून गेली, असं त्यांची मुलं सांगतात.

आपल्यालाही या देशाने असंच एका पोत्यात भरलं होतं. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत भारतातून आलेल्या प्रत्येकाचा वंश 'हिंदू' लिहिला जाई, मग तो शीख असो की मुसलमान. १९३० मध्ये मेक्सिकन हाही वेगळा वंश ठरवला गेला आणि विरोध झाल्यावर काढला गेला. पुढे १९८० साली आपल्यासाठी 'एशियन इंडियन' हा रकाना आला, आणि त्याच जनगणनेत देशातल्या प्रत्येक घराला पहिल्यांदा हिस्पॅनिक मुळाचा प्रश्न विचारला गेला.

आता एक आकडा मी दोनदा तपासून पाहिला. हिस्पॅनिक लोकांमध्ये तिघांतले दोघं याच देशात जन्मलेले आहेत. भारतीय वंशाच्या लोकांमध्ये तिघांतले दोघं बाहेरून आलेले आहेत. बाहेरचं कोण, हा प्रश्न आपल्या जेवणाच्या टेबलावर ज्या सहजतेने सुटतो, त्या सहजतेला या आकड्यात जागा नाही. कागदपत्रांविना राहणाऱ्यांचं बोलायचं तर प्यू या संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे त्यात भारतीयही सात लाखांच्या आसपास आहेत. हे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी येत नाही.

मग मोठ्या घराचं काय? २०२३ साली देशातल्या कुटुंबाचं मधलं उत्पन्न ८० हजार डॉलरांच्या थोडं वर होतं. हिस्पॅनिक कुटुंबाचं साडेपासष्ट हजार. भारतीय वंशाच्या कुटुंबाचं दीड लाखाच्या आसपास. हिस्पॅनिक लोकांतल्या पंचविशीपुढच्या माणसांपैकी साधारण पाचांतल्या एकाकडे पदवी आहे, आपल्यात चारांतल्या तिघांकडे. हे वाचून माझा मुलगा म्हणाला, "म्हणजे काका बरोबर होते." मी म्हटलं, थांब, आपण इथे आलो कसे ते बघ.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्याआधी १९४६ च्या कायद्याने भारताच्या वाट्याला वर्षाला १०० माणसांचा कोटा होता. १९६५ च्या कायद्याने आपलं दार उघडलं, आणि उघडताना शिकलेल्यांना पुढे घेतलं. या सभागृहात बसलेल्या ज्येष्ठांपैकी कितीतरी त्या दारातून आले. नंतर १९९० च्या कायद्यातला एच-१बी हा नोकरीचा व्हिसा आला, आमची पिढी त्यावर आली. भारतातल्या कोट्यवधी लोकांतून परीक्षांनी, फीने, जातीने, शहराने निवडून निवडून जे थोडे उरले, ते आपण. व्हीआरसीई, सीओईपी, व्हीजेटीआयची तेव्हाची फी आठवा. ती कमी होती, कारण बाकीचा खर्च ज्यांनी उचलला त्यांची मुलं त्या कॉलेजात नव्हती.

त्याच १९६५ च्या कायद्याने शेजारच्या देशांसाठी पहिल्यांदा मर्यादा घातली: साऱ्या पश्चिम गोलार्धाला मिळून वर्षाला १ लाख २० हजार. १९७६ मध्ये मेक्सिकोलाही २० हजारांची देशवार मर्यादा लागू झाली. ज्या कागदाने आपल्याला आत घेतलं, त्याच कागदाने त्यांची वाट अरुंद केली. तोपर्यंत काय चाललं होतं? १९४२ पासून १९६४ पर्यंत ब्रासेरो नावाच्या करारावर अमेरिकेने मेक्सिकोतून शेतमजूर आणले. ४५ लाखांहून जास्त करार झाले, काही वर्षी तर चार लाखांवर. टेक्ससमधल्या भेदभावामुळे मेक्सिको सरकारने सुरुवातीची काही वर्षं इथे मजूर पाठवायलाच नकार दिला होता. पहिल्या काही वर्षांत मजुरीतले १० टक्के बचत म्हणून कापले गेले, आणि अनेकांना ते परत मिळालेच नाहीत. बीडहून कोयता घेऊन निघालेली जोडपी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत: मुकादमाची उचल, फडावरची खोपी, पाचटावर निजलेलं पोर आणि गावाकडे हजेरीपटावर राहिलेलं त्याचं नाव. ते पोर मंद होतं असं आपण कधी म्हटलं का?

१९६४ मध्ये करार बंद झाला. शेतं बंद झाली नाहीत. तीच माणसं त्याच शेतांत येत राहिली, फक्त आता त्यांना बेकायदा म्हणायला लागले.

हे मुलाला सांगताना मला खानखोजे आठवले. मी वर्ध्याची. पांडुरंग खानखोजे आमच्या गावचे, अमेरिकेतून इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या पहिल्या फळीतले. इंग्रजांमुळे मायदेशी परतता येईना, तेव्हा १९२० च्या दशकात त्यांना आसरा मेक्सिकोने दिला. चापिंगोच्या कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसला. एका निर्वासित मराठी माणसाची जात, धर्म, कागद न बघता त्या देशाने त्याला शेत दिलं, वर्ग दिला, विद्यार्थी दिले. आपल्या मंडळात त्यांच्या नावाने एक संध्याकाळ व्हावी अशी माझी फार इच्छा आहे, आणि त्या संध्याकाळी समोरच्या खुर्च्यांवर फक्त मराठी माणसं नसावीत.

"शिकत नाहीत" या वाक्याकडे परत येते, कारण ते माझ्या कामाच्या टेबलाशी भिडतं. २०१० मध्ये देशातल्या हिस्पॅनिक तरुणांपैकी सोळा-सतरा टक्के शाळा अर्धवट सोडलेले होते. २०२२ पर्यंत हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास आलं, निम्मं झालं. बारा वर्षांत एवढ्या मोठ्या समाजाने एवढी मजल मारली, आणि बहुतेक घरांत आईवडिलांनी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. या समाजाचं मधलं वय तिशीच्या आसपास आहे. गोऱ्या अमेरिकनांचं चाळिशीच्या बरंच पुढे. आपली सोशल सिक्युरिटीची पेन्शन ज्यांच्या पगारातून येणार आहे ती माणसं आत्ता माझ्या जिल्ह्याच्या शाळांत बीजगणित शिकत आहेत. त्यांना शिक्षक चांगला मिळतो की नाही, हा आपल्या म्हातारपणाचा प्रश्न आहे. शाळेच्या बाँडसाठी, म्हणजे शाळांसाठी कर्ज उभारायला, मतदान असतं तेव्हा "आपली मुलं तर खाजगीत आहेत" म्हणून घरी बसू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तब्येतीचंही सांगते. गरिबी जास्त, विमा कमी, तरी २०१९ मध्ये हिस्पॅनिक लोकांचं सरासरी आयुर्मान ८१.९ वर्षं होतं, गोऱ्या लोकांपेक्षा तीन वर्षांनी जास्त. डॉक्टर मंडळींना हे कोडं माहीत आहे. मग कोविड आला. आपण लॅपटॉप घेऊन घरात बसलो, आणि मांसाच्या कारखान्यांत, बांधकामांवर, स्वयंपाकघरांत, वृद्धाश्रमांत ही माणसं जात राहिली. एका वर्षात त्यांचं आयुर्मान सुमारे चार वर्षांनी घसरलं. २०१७ मध्ये हार्वी वादळाचं पाणी ओसरल्यावर आपल्या घरांच्या कुजलेल्या भिंती कोणी काढल्या, हे मेयरलँड आणि केटीतल्या लोकांना मी सांगायची गरज नाही.

त्यांच्या भाषेबद्दल वाचताना मला आपली रविवारची मराठी शाळा दिसत होती. चार कोटींहून अधिक माणसं घरात स्पॅनिश बोलतात. टीव्ही त्यांचा, रेडिओ त्यांचा, चर्च त्यांचं, दुकानाची पाटी त्यांची. तरीही प्यूच्या २०२३ च्या पाहणीत तिसऱ्या आणि त्यापुढच्या पिढीतल्या जेमतेम एक तृतीयांश प्रौढांना स्पॅनिशमध्ये नीट गप्पा मारता येत होत्या. आणि ज्यांना येत नाही, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना आपल्याच माणसांनी त्यावरून कमीपणा दाखवला होता. आपल्या नाट्यस्पर्धेत एखाद्या मुलाने "मी जेवण खाल्ली" म्हटलं की मागच्या रांगेतून हसू येतं. ते हसू थांबवा. ते मूल पुढच्या वर्षी येत नाही, मी नोंदवही बघते.

आता कामाचं. हिस्पॅनिक वारसा महिना १५ सप्टेंबरला सुरू होतो, आपल्या गणपतीच्या आसपास. आपल्या मंडळात इतके डॉक्टर, दंतवैद्य, फार्मासिस्ट आहेत. दरवर्षी आपण आरोग्य शिबिर घेतो आणि आपलाच रक्तदाब मोजतो, ज्यांच्याकडे उत्तम विमा आहे त्यांचा. टेक्ससमध्ये विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे आणि त्यांत हिस्पॅनिक माणसं फार. या वर्षी शिबिर पासाडेनात घेऊ या, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीला दिला आहे. स्पॅनिश बोलणारी आपली मुलं दुभाषे होतील. माझ्या धाकट्याने पाच मित्रांची नावं आधीच लिहून दिली आहेत.

एका गोष्टीची मात्र मला खरी धास्ती आहे. २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक माणसं सुमारे पाच टक्के कमी मोजली गेली, असं जनगणना खात्यानेच नंतर सांगितलं. त्या आधी अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा प्रयत्न झाला होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला, पण भीती पसरायची ती पसरलीच. २० जानेवारी २०२५ च्या जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या आदेशाने तर एच-१बीवर असलेल्या आपल्या लेकीसुनांच्या बाळंतपणावरही सावट आणलं. तो आदेश कोर्टात गेला, पण तेव्हा तुमच्यापैकी कितीजणींनी मला रात्री फोन केले होते ते तुम्हाला आठवत असेल. ही भीती आता दोन्ही घरांत आहे. आमच्या शाळांत पालक मोफत जेवणाचा अर्जही भरायला कचरतात, कारण त्यावर पत्ता लिहावा लागतो. शिबिराचाही एक अर्ज असतो: नाव, पत्ता, फोन. आपण तंबू टाकू, औषधं आणू, मुलं दुभाषी म्हणून उभी करू. तरी लोक येतील का, आणि नाही आले तर त्यांना आपल्यावर भरवसा ठेवायला आपण काय द्यावं, हे मला अजून सुचलेलं नाही. कार्यकारिणीची बैठक पुढच्या शनिवारी आहे. तुम्हाला सुचलं तर तिथे या.