गडग्यापलीकडून घेतलेला व्हिडीओ

(तालुक्याच्या गावातील वाचनालयात एका वकिलांनी दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून.)

माईक जरा खाली घ्या, मी उंचीनं बेताचा आहे. हां, बरं झालं.

पत्रिकेत विषय छापून आला, ‘पोलीस, आंदोलन आणि आपला मोबाईल’, आणि दोघांचे लगेच फोन. वकीलसाहेब, जपून बोला. म्हटलं, तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात उभा राहतोय, दुसरं काही येतच नाही मला.

सुरुवात वेलदूरपासून करतो. गुहागर तालुक्यातलं मच्छीमारांचं गाव. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाला विरोध चालू होता. ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस तिथं घरांत शिरले, बायकांना बाहेर ओढलं, लाठ्यांनी मारलं. हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण ॲम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनांनी अहवाल काढले, पहिलीनं त्याच वर्षी, दुसरीनं १९९९ मध्ये. गावातल्या बायकांनी सांगितलं, ते कुणीतरी लिहून घेतलं. त्या पहाटे कुणाच्या हातात कॅमेरा असण्याचा प्रश्नच नव्हता. एका बाजूला बाईचा शब्द, दुसऱ्या बाजूला ठाण्याचा कागद. कोर्टात यातलं काय भारी पडतं, ते इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर, कातळाच्या माळावर या. एप्रिल २०२३. रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या पडल्या, पुढं अश्रुधूर सोडला गेला. लाठीमार झाला, असं गावकरी म्हणाले. झालाच नाही, असं सरकारी बाजूनं सांगितलं गेलं. म्हणजे वाद तोच. फरक एवढाच, की या वेळी प्रत्येकाच्या हातात फोन होते.

मग फोन असून काय फरक पडला? एका आंदोलनातली गोष्ट सांगतो, कुठल्या ते विचारू नका. एक पोरगा माझ्याकडं आला. “वकीलकाका, पुरावा आहे.” बघितलं, तर सत्तावीस सेकंद. मागं ढोलताशाचं गाणं, वर लाल अक्षरांत मजकूर. मी विचारलं, शूटिंग तू केलंस? नाही, ग्रुपवर आलं. ग्रुपवर कुणी टाकलं? परळच्या मामानं. मामाला कुणी पाठवलं? वाडीतल्याच कुणीतरी! म्हणजे व्हिडीओ वाडीतून मुंबईला गेला, चाकरमान्यांच्या चार ग्रुपांत फिरला आणि गाणं लावून घरी परत आला. मूळ काढणारा आठ दिवस शोधला. सापडला तेव्हा तो म्हणाला, मेमरी भरली होती, डिलीट केला. ज्या बाईचा हात मोडला होता, तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

कोर्ट काय मागतं, ते समजून घ्या. आपल्याच महाराष्ट्रातलं, जालन्याच्या निवडणुकीचं प्रकरण. खोतकर विरुद्ध गोरंट्याल. त्यात २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की व्हिडीओची प्रत द्यायची तर ती कुठल्या यंत्रातून, कशी काढली याचं प्रमाणपत्र सोबत हवंच. मूळ यंत्रच त्याच्या मालकानं साक्षीला येऊन हजर केलं, तर प्रमाणपत्र लागत नाही. आता पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. प्रमाणपत्राची अट आता त्याच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून व्हिडीओ ज्या फोनवर काढला त्याच फोनवर राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो दाबून लहान होतो. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि सगळ्यात आधी कागदावर लिहा: कुणी काढला, कुठं उभं राहून, किती वाजता. खाली सही. सही करायच्या वेळी मात्र गर्दी पांगते, हा माझा अनुभव.

अमेरिकेत मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० ला पोलिसांनी पकडलेल्या जॉर्ज फ्लॉइड नावाच्या माणसाचा जीव गेला. पोलिसांच्या पहिल्या पत्रकात तब्येत बिघडल्याचं कारण होतं. एका पोलिसानं त्याच्या मानेवर गुडघा रोवल्याचा त्यात उल्लेख नाही. फुटपाथवर सतरा वर्षांची एक मुलगी फोन धरून उभी होती. तिनं मधेच बंद केला नाही, गाणं लावलं नाही, आणि पुढं कोर्टात साक्षीला आली. त्या पोलिसाला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. तिथल्या कायद्याच्या गोष्टी इथं लागू नाहीत, हे मान्य. पण व्हिडीओला मालक असावा लागतो, एवढं दोन्हीकडं सारखंच.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न. पोलिसांचं शूटिंग करणं गुन्हा आहे का? रस्त्यावर, सड्यावर, जिथं चारचौघं बघतायत तिथं ते करू नये असा वेगळा कायदा नाही. ठाण्यातही लोकांना शासकीय गुपितं कायद्याची भीती घातली जायची. वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ साली सांगितलं, की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही. पण गोम वेगळीच आहे. शूटिंगसाठी तुम्हाला कुणी धरत नाही, धरतात ते ‘सरकारी कामात अडथळा’ म्हणून. पूर्वीचं दंड संहितेचं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. त्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, पण एफआयआरमध्ये तो लिहायला काय वेळ लागतो? म्हणून गडग्यापलीकडं, दगडी कुंपणाच्या पलीकडं उभे राहा. घोषणा दुसऱ्यांना देऊ द्या, शिवी तर नकोच, कारण आवाजही रेकॉर्ड होतो आणि तोच तुमच्याविरुद्ध ऐकवला जातो. फोन घ्यायला आले तर झटापट करू नका. जप्तीचा पंचनामा मागा, पंच कोण ते बघा.

चेहऱ्यापेक्षा छातीवरची पट्टी टिपा. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी, हे सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू प्रकरणात १९९६ सालीच सांगितलं. ती दिसत नसेल, तर दिसत नाही हेसुद्धा व्हिडीओत येऊ दे.

एक गोष्ट अनेकांना आवडणार नाही. बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई बरेचदा आपल्यातलाच असतो. दुपारपासून पाणी नाही, रजा नाही. त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेऊन “बोल, बोल” करणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यातून पुरावा मिळत नाही, चीड तेवढी मिळते. आणि पोलिसांचाही कॅमेरामन तिथं असतोच. त्याचं चित्रण सलग असतं, जपून ठेवलेलं असतं, त्यावर तारीख असते. आपल्याकडं काय असतं? सत्तावीस सेकंद आणि ढोलताशा.

पलीकडच्या टेबलावर कलम ६३ च्या प्रमाणपत्राच्या चाळीस झेरॉक्स ठेवल्यात. भाग ‘अ’ तुम्ही भरायचा. भाग ‘ब’ तज्ज्ञानं भरायचा. असा तज्ज्ञ आपल्या तालुक्यात कुठून आणायचा, हे मलाही अजून सुटलेलं नाही. कुणाचा मुलगा-पुतण्या त्या धंद्यात असेल तर सांगा. आणि ज्यांच्या फोनवर मूळ व्हिडीओ अजून आहेत, त्यांनी आज कुणालाही फॉरवर्ड न करता फोन घेऊन इकडं या. शेवटची एसटी सुटेपर्यंत मी बसलेलो आहे.