टिल्डनंतरचा आकडा

(पडद्यावर: डॉसची काळी खिडकी, फायलींची यादी.)

‘अ‍ॅन्युअल रिपोर्ट 1996.डॉक’ आणि ‘अ‍ॅन्युअल बजेट 1996.डॉक’. विंडोज 95मध्ये या दोन फायली सहज ओळखू येतात. विंडोजआधीच्या डॉस या प्रणालीसाठी लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामला मात्र नावाची आठ आणि एक्स्टेन्शनची, म्हणजे टिंबानंतरच्या भागाची, तीन, एवढीच अक्षरं कळतात. म्हणून विंडोज प्रत्येकीला एक छोटं नावही देतं: इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली सहा अक्षरं, टिल्डचं नागमोडी चिन्ह आणि एक आकडा. इथे सहाही अक्षरं सारखी. मग फोल्डरमध्ये आधी आलेली फाइल 1, नंतरची 2.

म्हणजे हा आकडा फाइलला चिकटलेला नसतो. दुसऱ्या डिस्कवर कॉपी करताना बजेट आधी उतरलं, तर आकडे उलटतात. मग ‘टिल्ड 1’ पुसणारी बॅच फाइल, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञांची यादी, रिपोर्टऐवजी बजेट पुसते, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही, कारण त्या नावाची फाइल तिथे खरोखरच असते. डॉस प्रोग्रामला लागणाऱ्या फायलींची नावं मुळातच आठ अक्षरांत बसवावीत, हाच खात्रीचा उपाय.

(पडद्यावर: डिरेक्टरीतल्या नोंदी.)

डिरेक्टरीतली, म्हणजे फोल्डरमधल्या फायलींच्या यादीतली, प्रत्येक नोंद 32 बाइटची. लांब नावाची 13 अक्षरं एका जादा नोंदीत मावतात. या नोंदींवर रीड-ओन्ली, हिडन, सिस्टिम आणि व्हॉल्यूम लेबल या चारही खुणा एकत्र असतात, त्यामुळे जुना डॉस त्या वगळतो. फार कल्पक तोडगा आहे हा! पण त्याला जागा लागते. आपल्या 22 अक्षरांच्या नावाला दोन जादा नोंदी आणि एक मूळ, अशा तीन. फॅट16 पद्धतीने फायलींची नोंद ठेवणाऱ्या हार्ड डिस्कच्या रूटमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये, सहसा 512 नोंदी मावतात. अशा 170 फायलींनंतर, डिस्क रिकामी असली तरी, रूटमध्ये अशी आणखी एक फाइल बनत नाही.

मोठा धोका जुन्या डीफ्रॅगचा, म्हणजे डिस्कवरचे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणाऱ्या प्रोग्रामचा. तो नोंदींची क्रमवारी लावतो, लांब नाव छोट्यापासून तुटतं आणि उरतं फक्त टिल्डवालं नाव. असं साधन वापरावंच लागलं, तर विंडोज 95च्या सीडीवरचा एलएफएनबीके हा लांब नावं जपून ठेवणारा प्रोग्राम आधी चालवावा. त्यासाठी कंट्रोल पॅनलमधल्या सिस्टिमच्या ट्रबलशूटिंग पानावर जुन्या प्रोग्रामसाठी लांब नावं जपण्याची सोय बंद करावी, सगळे प्रोग्राम मिटावेत आणि एलएफएनबीकेला ‘/बी’ देऊन नावांची नोंद घ्यावी. डीफ्रॅगनंतर ‘/आर’ देऊन नावं परत बसवावीत. मधल्या काळात फोल्डरांची रचना बदलू नये. बदलली तर तिथली नावं परत येत नाहीत.