सूप, मोबाईल आणि गृहभेट

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरात मी पावसाळ्यात बसले होते. घरची सून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तेंदूचं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. बोटं थांबत नव्हती. समोर डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला. एका कानात इअरफोन आणि दुसरा कान घरासाठी मोकळा. बालहक्कांवरचं व्याख्यान चालू होतं. बारावी झाली की लग्न झालेलं, आणि आता समाजकार्याच्या पदवीचं पहिलं वर्ष. मान वर न करता तिनं विचारलं, "ताई, असं घरबसल्या शिकून मुलांसाठीचं काम मिळतं का हो?"

मिळतं. पण सगळं घरबसल्या शिकून होत नाही, हेही मी तिला त्याच दिवशी सांगितलं.

या कामाची मुळं आपल्या जिल्ह्यात जुनी आहेत. पंढरपुरात प्रार्थना समाजानं टाकून दिलेल्या बाळांसाठी आश्रम काढला तो 1875 साली. अंगणवाडीची योजना आली 2 ऑक्टोबर 1975 ला, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. आज बालगृहं आहेत, शिशुगृहं आहेत, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, 1098 हा मदतीचा नंबर आहे. या प्रत्येक ठिकाणी शिकलेली, समंजस माणसं लागतात.

शिकायचं कुठं? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, तिथं मराठीतून शिकता येतं. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, 1985 पासून आहे, तिथं बारावीनंतर समाजकार्याची पदवी घेता येते. सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर तर व्याख्यानं फुकट ऐकायला मिळतात. फी भरण्याआधी मात्र एक काम नक्की करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाईटवर जाऊन त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव मान्यताप्राप्त यादीत आहे का ते पाहा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं आईची भिशी मोडून एका संस्थेत पैसे भरले. प्रमाणपत्र हातात आलं, पण नोकरीच्या अर्जाला ते चाललं नाही. त्या माऊलीचा चेहरा मला अजून आठवतो.

आता मी ज्याच्यासाठी आज इथं आले, ते सांगते. समाजकार्याच्या अभ्यासात क्षेत्रकार्य असतं, म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत, लोकांच्या घरी जाऊन करायचं काम. पुष्कळ जणी ते उरकून टाकतात, कुणाची तरी सही आणतात. तसं करू नका हो. खरं शिक्षण तिथंच आहे.

त्या सुनेनं विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, पहिली गृहभेट केली आणि अहवाल लिहिला: "घर अस्वच्छ. आई बेजबाबदार, मुलांकडे लक्ष देत नाही." मी वही मिटली आणि विचारलं, "तू पाहिलंस काय?" ती बराच वेळ गप्प होती. मग एकेक सांगू लागली. आई पहाटेपासून विड्या वळत होती, दुपारच्या आत कारखान्यात माल द्यायचा होता. सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर बाळ होतं. थोरली दोरे बांधत होती, दोन महिने शाळेत गेलेली नव्हती. चुलीवर भात शिजत होता. बाप कुठं आहे म्हटल्यावर आई तेलुगूत काहीतरी पुटपुटली. ही सून, माझी विद्यार्थिनी, स्वतः तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातल्या घरातली, तिला ते कळलं. मला कळलं नसतं.

"बेजबाबदार" या एका शब्दानं काय होतं ठाऊक आहे? 2015 च्या बाल न्याय कायद्यानं, काळजीची गरज असलेलं मूल 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढं न्यावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांनी ते घर पाहिलेलं नसतं, त्यांच्या हातात असतो तो आपण लिहिलेला अहवाल. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं हाच कायदा सांगतो. पण लिहिणाऱ्यानं आईला आधीच दोषी ठरवलं, तर शेवटचा उपाय पहिला व्हायला वेळ लागत नाही. पाहिलेलं नीट लिहिलं, तर कळतं की थोरलीला शाळेत परत घालायचंय, बाळाला अंगणवाडीत न्यायचंय, आणि आईला चार माणसांची साथ हवीय.

हे डोळे व्याख्यानातून येत नाहीत. पण व्याख्यान ऐकलेलं असलं, की दारात उभं राहिल्यावर काय पाहायचं ते सुचतं. म्हणून दोन्ही हवं. आणि पहाटे उठून सूप मांडीवर घेणाऱ्या बायांना त्या घरातलं जे दिसतं, ते बाहेरून आलेल्या पदवीधराला दिसायला वर्ष जातं. बायांनो, तुम्ही या कामात याच.

तिनं अहवाल पुन्हा लिहिला. मुलांची नावं मी सांगणार नाही, ती सांगायची नसतात. सुरुवातीच्या ओळी मात्र तिला विचारून वाचते: "सकाळी साडेदहाला गेले. दार उघडं होतं. आईनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि मला बसायला पाट दिला."

नमस्कार.