रॅम्पचा निधी असतो, मागायचा कसा ते सांगतो

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय रॅम्पबद्दल, म्हणजे खरं तर रॅम्पच्या पैशाबद्दल. कुठल्याही जुन्या सरकारी बिल्डिंगमध्ये जाऊन विचारा की साहेब, इथं व्हीलचेअर वर कशी न्यायची, तर उत्तर ठरलेलं असतं, "निधी नाही हो." आणि विचारणारा बिचारा गप्प बसतो, कारण निधी नाही म्हटल्यावर पुढे बोलणार काय. पण ते उत्तर बऱ्याचदा अर्धवट असतं. निधी आहे, तो मागितलेला नाही, किंवा मागितला, आला आणि भलत्याच पद्धतीनं खर्च झाला, असंही असतं.

आधी पैसा येतो कुठून ते बघू. ३ डिसेंबर २०१५ ला केंद्र सरकारनं सुगम्य भारत अभियान सुरू केलं, ते नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यात जुन्या सरकारी बिल्डिंगा दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला केंद्राकडून राज्यांना अनुदान मिळतं, ते सिपडा नावाच्या योजनेतून येतं. हे नाव लक्षात ठेवा, कारण ऑफिसात "सुगम्य भारत" म्हटलं की लोक बोर्डाकडे बघतात आणि "सिपडा" म्हटलं की फाइलकडे. या पैशातून रॅम्प होतो, रेलिंग होतं, लिफ्ट होते, टॉयलेट व्हीलचेअरसाठी बदलून घेता येतं, ब्रेल पाट्या, आवाजाचे सिग्नल, अंध माणसाला पायाखाली कळेल अशा टाइल्स, फुटपाथच्या कडेला उतार, एवढं सगळं बसतं. दुसरी वाट आपल्या घराजवळची. महाराष्ट्रात ग्रामपंचायत असो, नगरपालिका असो की महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पूर्वी हा ३ टक्के होता. लोकांना वाटतं यातून फक्त वैयक्तिक मदत मिळते, पण रॅम्प आणि टॉयलेटसारखी सगळ्यांच्या उपयोगाची कामंसुद्धा यात घेता येतात, आणि त्यासाठी दिल्लीला प्रस्ताव पाठवायचा नसतो, ठराव गावातच होतो.

इथं एक गल्लत होते ती सांगतो. अनुदान आहे ते जुन्या बिल्डिंगांसाठी. नवीन बांधकामाला अनुदानाची वाट बघायचा प्रश्नच नाही, तिथं कायदा आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि त्याचं कलम ४४ म्हणतं की नियमात न बसणाऱ्या प्लॅनला परवानगीच द्यायची नाही, आणि बांधून झालं तरी नियम पाळलेले नसतील तर पूर्णत्वाचा दाखला नाही, आत राहायला जायचं नाही. म्हणजे काल-परवा फीत कापलेल्या बिल्डिंगच्या दारात पाच पायऱ्या असतील आणि कोणी म्हणत असेल की रॅम्पचा प्रस्ताव पाठवलाय, तर त्याला विचारा की मग दाखला दिला कुणी? आणि जुन्यांसाठी कलम ४५ आहे, नियम आल्यापासून पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक बिल्डिंगा सुधारायच्या. नियम आले जून २०१७ ला. पाच वर्षं २०२२ मध्ये संपली की.

आता अनुदानाची फाइल चालते कशी. तिची सुरुवात होते अॅक्सेस ऑडिटनं. म्हणजे कोणीतरी जाणकार माणूस गेटपासून आत जातो, पार्किंग, दार, जिना, काउंटर, टॉयलेट, सगळं मोजतो आणि लिहून देतो की इथं हे अडतंय. त्यावरून इस्टिमेट, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर, काम, आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला ऑफिसात सगळे यूसी म्हणतात. हे यूसी फार महत्त्वाचं, कारण पहिल्या पैशाचं यूसी गेलं नाही की पुढचा पैसा अडकतो आणि मग "निधी नाही" हे वाक्य अगदी खरं होऊन बसतं. म्हणजे वरच्यांनी दिला नाही असं नाही, खालच्यांनी हिशोब दिला नाही.

आणि यूसीमध्ये असतं काय, तर एवढे पैसे आले, एवढे खर्च झाले, ज्या कामासाठी दिले त्याच कामाला लागले. रॅम्प चढता येतो का, हे त्यात कोणी लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथंच सगळी गोम आहे.

रॅम्पचं गणित एकदा करून बघा, पाचवीतलं आहे. नियम आहे एकास बाराचा, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. आता दारात तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे उंची ४५ सेंटीमीटर. बारानं गुणा, ५४० सेंटीमीटर, जवळजवळ अठरा फूट. एवढी जागा समोर नसते, तिथं साहेबांची गाडी लागते. मग कंत्राटदार काय करतो, सहा फुटांत बसवतो. झाला एकास चारचा चढ. व्हीलचेअर एकट्यानं वर जात नाही, आणि मागून कोणी ढकललीच तर उतरताना सुटली की थेट रस्त्यावर. त्यावर वरून गुळगुळीत ग्रॅनाइट, कारण इस्टिमेटमध्ये "फिनिशिंग" चांगलं दिसतं, पावसाळ्यात त्यावरून धडधाकट माणूस घसरतो. फोटो मात्र मस्त येतो. खरं तर जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळणाचा रॅम्प करता येतो, बाजूच्या दरवाजाला करता येतो, नाहीतर छोटी लिफ्ट बसवता येते, पण ते डोकं ऑडिटच्या वेळी लावायचं असतं, आणि ऑडिटला जर व्हीलचेअर वापरणारा माणूस बरोबर नसेल तर हे सुचतच नाही कोणाला.

टॉयलेटचं तर विचारूच नका. दारावर व्हीलचेअरचं निळं चित्र असतं, आत झाडू, बादल्या, फिनेलचे कॅन, आणि किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला. समजा उघडलं, तर दार आतल्या बाजूला उघडतं. खुर्ची आत घेतली की दार बंद होत नाही. आता बाई असेल तर तिनं काय करायचं? दार बाहेर उघडणारं केलं असतं किंवा सरकतं लावलं असतं तर खर्च फार वाढला नसता. भिंतीला धरायचा दांडा असतो, तो कधीकधी पार्टिशनच्या प्लायला स्क्रूनं मारलेला, माणसानं जोर दिला की हातात येतो. ती पिवळी टाइल असते ना, तिच्या उभ्या रेघा म्हणजे पुढे चला आणि ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. फुटपाथवर मी रेघा थेट विजेच्या खांबावर जाऊन आदळलेल्या बघितल्यात. बसवणाऱ्याला कोणी सांगितलंच नाही त्या कशासाठी असतात, त्याला वाटलं डिझाइन आहे.

आणि मार्च एंड! वर्षभर फाइल झोपलेली असते, फेब्रुवारीत जागी होते, पंधरा दिवसांत टेंडर, दहा दिवसांत रॅम्प, कारण पैसे परत जातील. घाईत ओतलेलं काँक्रीट आणि घाईत सही केलेलं मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाची मापं लिहायची वही), दोन्ही नंतर बदलत नाही.

८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी खटल्यात, म्हणजे सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीच्या खटल्यात, एक महत्त्वाचा निकाल दिला. २०१७ च्या नियमांमधला पंधरावा नियम कोर्टानं कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात सांगितलेले मापदंड शिफारशीसारखे होते, पाळले तर पाळले, आणि केंद्राला सांगितलं की तीन महिन्यांत सक्तीचे मापदंड वेगळे काढा. आपल्या दृष्टीनं अर्थ असा की एकास बारा म्हणजे "शक्य झाल्यास" नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर, आणि तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातच होते, आता एकवीस आहेत. शिवाय म्हातारपण, पोटुशी बाई, पायाला प्लास्टर, त्यांची मोजणी यात नाहीच. म्हणून "येतं कोण इथं व्हीलचेअरवर" असं कोणी म्हणालं तर रागवू नका, पायऱ्यांकडे बोट दाखवा.

मग आपण काय करायचं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज होतो, त्यात लांबलचक तक्रार लिहू नका, तीन कागद मागा. या बिल्डिंगच्या अॅक्सेस ऑडिटची प्रत, ५ टक्के निधी गेल्या तीन वर्षांत कशावर खर्च झाला त्याचा तपशील, आणि रॅम्प झाला असेल तर त्याचं मोजमाप आणि यूसी. ऑडिटच झालं नाही असं उत्तर आलं तरी ते तुमच्या कामाचं आहे, ते जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. सुगम्य भारत नावाचं अॅप आहे, त्यावर फोटो काढून तक्रार टाकता येते. आणि टेप घेऊन जा हो, उंची मोजा, लांबी मोजा, भागाकार करा, इंजिनिअरसमोर भावना चालत नाहीत, आकडा चालतो.

ग्रामसभेत मागणी करणार असाल तर तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या, आणि कामाच्या आदेशात एक ओळ घालायला सांगा की शेवटचं बिल काढण्याआधी गावातल्या एखाद्या व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणाऱ्या माणसाकडून रॅम्प वापरून बघितला जाईल. त्याला एक पैसा जास्त लागत नाही. आणि हे डिसेंबर-जानेवारीत करा, बजेट ठरायच्या आत, एप्रिलमध्ये गेलात तर पुढच्या वर्षी बघू असंच ऐकायला मिळेल. नमस्कार.