दिव्याला हात लावू नकोस

श्रोतेहो, नमस्कार.

उजेडाबद्दल बोलायचं आणि तेही रेडिओवर, म्हणजे पंचाईतच. दाखवायला हातात काही नाही. चित्रकलेच्या मास्तराकडून फळा आणि खडू काढून घेतला की तो निम्मा मुका होतो. तेव्हा आज थोडी उसनवारी करतो. उजेड तुमच्याच आठवणीतला घेतो.

कौलारू घर आठवा. निदान आजोळचं तरी. माजघरात भर दुपारीही काळोख. एखादं कौल माकडांनी सरकवलेलं, तिथून उन्हाची तिरीप खाली उतरायची, तिच्यात धुळीचे कण वरखाली करायचे आणि सारवलेल्या जमिनीवर कवडसा पडायचा. गोल. फट वाकडी असो, तिकोनी असो, कवडसा मात्र गोल नाहीतर लांबट गोल. लहानपणी याचं काही वाटलं नाही. २४ ऑक्टोबर १९९५ला, ऐन दिवाळीत, सकाळी सूर्यग्रहण लागलं. आपल्याकडे ते खंडग्रास होतं. घरात सगळे दारं लावून बसलेले, आणि माझं लक्ष गेलं भिंतीकडे. सकाळची तिरपी उन्हं, त्यामुळे कवडसे भिंतीवर पडलेले, आणि त्यातला प्रत्येक कवडसा कोर झालेला! पाचसहा चंद्रकोरी ओळीने भिंतीवर. म्हणजे कवडशाला आकार मिळतो तो फटीमुळे नाही, सूर्यामुळे. सूर्य आमच्या माजघरात रोज स्वतःचं चित्र काढून जात होता आणि आम्ही त्यावर पाट मांडून जेवत होतो.

आता गंमत बघा. तेच ऊन अंगणातही होतं, माजघरातल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण अंगणात कवडसा नाही. कवडशाला माजघराचा काळोख लागतो. एवढी साधी गोष्ट, पण ती मला कळली होती ती चित्र काढताना, आणि त्यासाठी बोलणी खावी लागली होती.

शाळेत असताना इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी चालली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती परीक्षा दिली असेल. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं आठवत असेल. स्मरणचित्राला सरांनी विषय दिला, दिवाळीची संध्याकाळ. मी घर काढलं, ओटा काढला, रांगोळी काढली, ओट्यावर पणत्या मांडल्या. आणि पणत्या उजळ दिसाव्यात म्हणून पोस्टर कलरची पांढरी बाटली उघडून प्रत्येक ज्योतीवर घट्ट पांढऱ्याचा ठिपका ठेवला. वर पिवळा. सर मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पणत्या लावल्यास की चुना लावलास?”

वर्ग हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. पण मधल्या सुट्टीत सरांनी मला बोलावलं, अर्धा ताव कागद दिला आणि एक अट घातली. म्हणाले, “पणती काढ. पण दिव्याला हात लावू नकोस. फक्त काळोख रंगव.”

मग त्यांनीच दाखवलं. पेन्सिलीने ज्योतीची हलकीशी रेघ. त्या रेघेच्या आत ब्रश न्यायचाच नाही. बाहेरून पाणीदार पिवळ्याचा हात फिरवायचा, तो वाळू द्यायचा, जरा लांबून तांबूस, तो वाळू द्यायचा, आणखी लांबून तपकिरी, जांभळा, निळा. प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा ज्योतीपासून दूर थांबायचा. शेवटचा निळा कोपऱ्यात बसला आणि माझ्या डोळ्यांदेखत मधला कोरा कागद पेटला. त्या जागी मी काहीही केलं नव्हतं.

जलरंगवाले याला ‘कागद राखणं’ म्हणतात. राखणं हा शब्द मला फार आवडतो. राखण शेताची करतात, व्रताची करतात. चित्रकार पांढऱ्याची करतो. एकदा का तिथे रंग सांडला की तो पांढरा गेला. नळाखाली धरून, स्पंज फिरवून तो पहिल्यासारखा येत नाही.

यामागचं गणितही मजेदार आहे. कोऱ्या पांढऱ्या कागदावर जेवढा उजेड पडतो त्यातला साधारण ८० ते ८५ टक्के परत फिरतो. काळ्याकुट्ट रंगावर पडला तरी चारपाच टक्के परत येतोच. म्हणजे चित्रकाराच्या हातातला सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळा यांच्यात फरक फार तर वीसपट. आणि अंधाऱ्या खोलीत पेटलेली ज्योत आणि तिच्यामागचा कोपरा? तिथे हजारोपट. वीस रुपये खिशात घालून हजारोंच्या बाजारात जाण्यासारखं आहे हे. तेव्हा चित्रात दिवा खराखुरा उजळणं शक्यच नाही. आजूबाजूचं सगळं थोडं थोडं खाली उतरवलं तर तो उजळल्यासारखा वाटतो, इतकंच. ज्याला हा हिशेब जमला तो चित्रकार. बाकी आम्ही चुना लावणारे.

म्हणूनच लँडस्केपला जाणारी मंडळी सकाळी लवकर निघतात, आठनऊपर्यंत बैठक जमवतात, नाहीतर चारनंतर बाहेर पडतात. भर बाराला सावल्या पायाखाली गोळा होतात, सगळं सपाट दिसतं, आणि सावलीच नाही तर उजेड कशाने दाखवणार? कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परत गावी आले आणि कोटितीर्थाच्या काठी राहिले. तेच तळं त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं. रंकाळ्यातला संध्यामठ रंगवला. विषय शोधायला ते गावोगाव हिंडले नाहीत. तळं तेच, पण सकाळचं पाणी आणि तिन्हीसांजेचं पाणी एक नसतं, हे ज्याला दिसतं त्याला विषय कुठून कमी पडणार?

जाता जाता एक सांगतो, विषयाला थोडं सोडून आहे. चित्रकाराच्या खोलीला उत्तरेची खिडकी हवी असा एक नियम युरोपातून आपल्या कलाशाळांत आला. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा मवाळ उजेड मिळतो, म्हणून. नियम चांगला आहे. पण मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो! मेमध्ये त्या खिडकीशी इझल मांडून बसा, पुस्तकातला नियम आणि डोळ्यांवरची तिरीप दोन्ही एकदम अनुभवाला येतील. जूनमध्ये ढग येतात आणि नियमाची अब्रू वाचते.

तर, कागद राखायचा. पण कोणी जाणकार श्रोता आता म्हणेल, अजिंठ्यात तर पांढऱ्याचे फटकारे सरळ वरून मारलेत, त्याचं काय? बरोबर आहे. अजिंठ्याच्या आकृत्यांच्या नाकाच्या दांडीवर, हनुवटीवर, ओठांवर उजळ रेघ वरून ओढलेली दिसते. मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात, तो वाळल्यावर त्यावर रंग, आणि काही ठिकाणी हा वरचा उजळा. पण तिथला उजेडच वेगळ्या जातीचा आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्व आहे, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्यासमोर उभं राहून विचारा, की याच्यावर उजेड कुठून आलाय? उत्तर मिळत नाही. डावीकडून नाही, उजवीकडून नाही. त्याची सावली कुठेच पडलेली नाही. कडांना रंग गडद होत जातो आणि अंग पुढे येतं. दिवा नाही, खिडकी नाही, अंगाचाच उजेड. ज्यांना त्या अंधाऱ्या लेण्यात काम करायला दारातून येणारा उजेड पुरवून पुरवून वापरावा लागत होता, पांढरं कापड किंवा धातूचा आरसा धरून तो आत वळवला असावा असाही एक तर्क आहे, त्या माणसांनी चित्रात मात्र कुठूनही न येणारा उजेड रंगवला. मला वाटतं, बोधिसत्त्वाला बाहेरून उजेड लागतो असं त्यांना म्हणायचंच नव्हतं.

आणि मग हेच आपल्या काळात कोणी केलं असेल तर चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी. गोव्याच्या घरातले, जन्म १९२४चा, नागपूरचा, मोठे झाले गिरगावात, १९४८ला जे. जे.मधून डिप्लोमा. पुढे दिल्लीला राहिले आणि २००१मध्ये गेले. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यांच्या चित्रात झाड नाही, माणूस नाही, दिवा तर नाहीच. ‘अमूर्त’ हा शब्दसुद्धा त्यांना आपल्या चित्रासाठी नको असायचा. वर्षाकाठी मोजकी चित्रं करायचे. तैलरंगाचे पातळ थर रोलरने चढवायचे, पॅलेट नाइफने खरवडायचे, कागदाचे तुकडे रंगावर ठेवून उचलायचे, पुन्हा थर.

त्यांचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रामाणिकपणे सांगायचं तर कंटाळलो होतो. पिवळट तपकिरी रंगाचा उभा कॅनव्हास, मध्ये काही पुसट आकार. पाय दुखत होते म्हणून समोरच्या बाकावर बसलो. पाचएक मिनिटांनी वाटलं, दालनातला दिवा कोणी वाढवला की काय. वर पाहिलं, दिवे होते तसेच. चित्र हळूहळू खालून उजळत होतं. वरचे थर खरवडलेले, त्यातून खालचे फिके थर डोकावत होते आणि तिथून उजेड वर येत होता, पहाटे क्षितिजाशी फटफटतं तसा. सरांची पणती आठवली. साधन निराळं, थाट निराळा, पण उजेड वरून लावलेला नव्हता. तळाशी राखलेला होता.

आता शेवटचं चित्र. आणि यासाठी तुम्हाला एक काम देणार आहे. आज रात्री देवापाशी दिवा लावाल तेव्हा खोलीतली ट्यूब मालवा. दिवा एका हातात घ्या आणि दुसऱ्या हाताचा तळवा वाऱ्यापासून आडोसा करतो तसा ज्योतीपुढे धरा. बोटं जुळलेली असू द्या. आता बोटांकडे बघा. पाठीमागून काळी दिसायला हवीत, पण नाही. कडा लालभडक होतात. बोट जिथे पातळ तिथे नारिंगी, जाड तिथे गडद. दोन बोटांच्या फटीत एक तापलेली रेघ. आपलं रक्त, आपली कातडी, त्यातून आरपार येणारा उजेड.

हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी जलरंगात रंगवलं, १९४५-४६च्या सुमारास. हळदणकर मूळ सावंतवाडीचे, १८८२चा जन्म. १९०८ला मुंबईत त्यांनी स्वतःची कलासंस्था सुरू केली आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तयार केले. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारी लाली, आणि तोच उजेड वळून चेहऱ्यावर. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. तीन तास ती दिवा धरून उभी होती असं सांगतात. पुढे त्या गीता उपळेकर म्हणून कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ साली, वयाच्या १०२व्या वर्षी गेल्या. हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. कॅलेंडरांवर, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर ते इतकं छापलं गेलं, की कित्येक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा १९०६मध्येच वारले, पण ही चूक काही वारत नाही.

आणि हे सगळं जलरंगात, हे मला पुन्हा एकदा सांगू द्या. तैलरंगात बोट चुकलं तर वरून दुरुस्त करता येतं. इथे त्या बोटांच्या कडांचा नारिंगी म्हणजे खालचा पांढरा कागद, त्यावर रंगाचं पारदर्शक पाणी, आणि बाजूला धीराने चढवलेला काळोख. कातडीतून उजेड जसा आरपार येतो, तसाच तो रंगाच्या थरातून आरपार जातो, कागदाला लागतो आणि परत येतो. रंगवण्याची रीत आणि रंगवलेली गोष्ट एकच झाली आहे. दिव्याची चित्रं शेकडो झाली, पण हे असं जुळलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी म्हैसूरला गेलो तेव्हा या चित्रापुढे गर्दी होती. माझ्यापुढे एक आपल्याकडचंच कुटुंब, आईवडील, आठनऊ वर्षांचा मुलगा आणि नऊवारीतली आजी. मुलगा फ्रेमच्या कडेने मान वाकडी करून मागे बघत होता. म्हणाला, “आजी, मागे बल्ब लावलाय गं.” वडील म्हणाले, नाही रे, रंगच आहे तो. त्याला काही पटेना. तो आणखी जवळ गेला, नाक जवळजवळ काचेला. आजीने त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि म्हणाली, “सरक रे, वारा लागेल तिच्या दिव्याला.”

नमस्कार.