राखणीचा की हौसेचा? पॅरिसमधील श्वानकराची व्यंगचित्रे

फ्रान्समध्ये पाळीव कुत्र्यांवर कर बसला तो २ मे १८५५ च्या कायद्याने. प्रत्येक नगरपालिकेने कुत्र्यामागे वर्षाला कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० फ्रँक आकारावेत, असे त्यात ठरले होते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर त्या काळी खात्रीचा इलाज नव्हता, पाश्चरची लस यायला अजून तीस वर्षे होती. त्यामुळे कुत्र्यांची संख्या घटावी, हा कायद्यामागचा एक हेतू होता. गरिबाच्या मुखी पडू शकेल असे अन्न कुत्री खातात, हा दुसरा युक्तिवाद.

चित्रकारांना खरा विषय पुरवला तो त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये निघालेल्या नियमांनी. कुत्र्यांचे दोन वर्ग पाडण्यात आले. हौसेखातर पाळलेली आणि शिकारीची कुत्री पहिल्या, चढ्या दराच्या वर्गात. आंधळ्याला वाट दाखवणारी, मेंढरे राखणारी, घर, दुकान किंवा कारखाना सांभाळणारी कुत्री दुसऱ्या, स्वस्त वर्गात. कुत्रा कोणत्या वर्गातला, हे मालकाने स्वतः नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन नोंदवायचे होते, आणि खोटी नोंद केल्यास कर दुप्पट होणार होता. आता पॅरिसच्या चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांत, वृद्ध मालकिणीच्या मांडीवर दिवस काढणारे केसाळ कुत्रे कोणत्या वर्गात घालायचे? जिन्यावर पाऊल वाजले की ते भुंकते, म्हणजे घर राखते, असे मालकिणीने सांगितले तर कारकुनाने ते कशाच्या आधारे नाकारायचे? पॅरिसकरांनी आपली लाडकी कुत्री राखणीची म्हणून नोंदवण्याचा सपाटा लावला आणि करवसुली करणारे हैराण झाले.

‘ल शारिवारी’ हे पॅरिसचे व्यंगचित्रांचे दैनिक. शार्ल फिलिपाँ यांनी ते १८३२ मध्ये सुरू केले होते. ऑनोरे दोमिये आणि ‘शाम’ या टोपणनावाने चित्रे काढणारे आमेदे द नोए हे त्याचे आघाडीचे चित्रकार. श्वानकराच्या या दिवसांत चित्रकारांना हसण्यासाठी दूर जावे लागले नाही. मालक, कुत्रा आणि कारकून ही तीन पात्रे त्यांना रस्त्यावरच भेटत होती.

पण हे हसू इतके घरगुती का राहिले, हे समजून घ्यायला मागे जावे लागते. दोमिये यांनी १८३१ च्या अखेरीस राजा लुई-फिलिप याचे एक चित्र काढले होते. त्यात सिंहासनावर बसलेल्या अवाढव्य राजाच्या उघड्या तोंडापर्यंत एक फळी टेकवलेली आहे, तिच्यावरून माणसे नाण्यांच्या टोपल्या वाहून नेत आहेत आणि खाली फाटक्या कपड्यांतील प्रजा त्या टोपल्यांत आपले पैसे टाकत आहे. कराचा भार कोण वाहतो, हे याहून स्पष्ट दाखवणारे चित्र आमच्या पाहण्यात नाही. त्यासाठी दोमिये यांनी सहा महिन्यांची शिक्षा भोगली. पुढे तिसरा नेपोलियन सत्तेवर आला आणि फेब्रुवारी १८५२ च्या हुकुमाने सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय एकही चित्र छापण्यास मनाई झाली. सम्राटाचे तोंड आता चित्रात उघडता येत नव्हते. कुत्र्याचे येत होते.

श्वानकराची ही चित्रे शिळाछापाची होती, त्याच तंत्राची ज्यावर आपल्याकडे जुन्या पोथ्या निघत. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने उलटे चित्र काढायचे, शिळा ओली करायची, आणि शाई फक्त तेलकट रेषेला धरू द्यायची. खडूची रेघ जशी उमटली तशीच कागदावर उतरत असल्याने कुत्र्याची लोंबती लव आणि मालकाच्या कपाळावरची आठी एकाच हाताची वाटते. दोमिये यांच्या चित्रांखालचे संवाद मात्र बहुतेक वेळा संपादक मंडळी लिहीत; म्हणून आम्ही प्रेक्षकांना विनंती करू की ही चित्रे पाहताना आधी चेहरे पाहावेत आणि ओळी नंतर वाचाव्यात. करापायी आपले जनावर सोडून द्यावे लागेल की काय, ही भीती त्या चेहऱ्यांवर वाचता येते, आणि ती खरी आहे.

हा कर फ्रान्समध्ये १९७१ पर्यंत टिकला. आईच्या अंगावर पिणाऱ्या पिल्लांना त्यातून पहिल्यापासून सूट होती.