कुठल्याही खुर्चीचं तिकीट

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ‘पोर्गी अँड बेस’ या अमेरिकन ऑपेराविषयी. संगीत जॉर्ज गर्श्विन यांचं, संहिता ड्यूबोस हेवर्ड यांची, गीतं हेवर्ड आणि जॉर्जचे थोरले बंधू आयरा यांची. चार्ल्सटन शहरातली कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती, तिथला अपंग भिकारी पोर्गी, आणि कुणीच दार उघडत नाही म्हणून त्याच्या आसऱ्याला आलेली बेस.

आपल्या संगीत नाटकात गद्य चालतं आणि मधे पद येतं. ऑपेरात मात्र साधं बोलणंही गायचं. त्यामुळे प्रयोग लांबतो. १९३५ साली बॉस्टनला पहिले प्रयोग झाले, आणि न्यूयॉर्कला जाण्याआधी खुद्द गर्श्विननीच त्याला कात्री लावली. लक्षात ठेवा, खुद्द गर्श्विननी. तरी न्यूयॉर्कला १२४ प्रयोगांत खेळ आटोपला, घातलेला पैसाही निघाला नाही. गर्श्विन १९३७ साली गेले. १९४२ साली गायचे संवाद बरेचसे बोलायचे केले, तेव्हा कुठे लोकांनी गर्दी केली.

म्हणून मूळ ऑपेरात बदल केले यावरून २०११ साली जो गदारोळ उठला तो मला पटत नाही. दिग्दर्शिका डायान पॉलस, नाटककार सुझन-लोरी पार्क्स आणि संगीतकार डीड्रे मरे यांनी ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, आजच्या प्रेक्षकांसाठी नवी रंगावृत्ती केली. शेवट जरा सुखाचा करायचा त्यांचा विचार होता, तो पुढे सोडून दिला. पण प्रयोग पाहण्याआधीच ब्रॉडवेचे नामवंत संगीतकार स्टीफन सोंडहाइम यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला खरमरीत पत्र धाडलं. मूळ पोर्गी बकरीच्या गाडीतून फिरतो. नव्या प्रयोगात नॉर्म लुईस यांचा पोर्गी काठी टेकत, पाय ओढत स्वतः चालला. मला हा बदल फार योग्य वाटतो. गाडीतल्या माणसाची आपण कीव करतो आणि विसरतो. प्रत्येक पावलाला कळ सोसणारा माणूस नजरेसमोरून हलत नाही. ऑड्रा मॅकडॉनल्ड यांच्या बेसच्या गालावर तर जुन्या वाराचा व्रण होता. ती काय भोगून आलीय, हे तोंड उघडण्याआधीच कळायचं. २०१२ साली त्यांना टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला, प्रयोगालाही मिळाला.

  

नवं रूप म्हटलं की आपण संहितेची काटछाट एवढंच धरतो. पण या ऑपेरामुळे एकदा प्रेक्षागृहही बदललं. ती हकिगत १९३६ची.

पहिले पोर्गी होते टॉड डंकन, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात संगीत शिकवणारे. गर्श्विननी त्यांचं थोडंसंच गाणं ऐकलं आणि विचारलं, माझे पोर्गी व्हाल का? डंकन म्हणाले, आधी तुमचं संगीत ऐकू द्या! असा ताठ कण्याचा माणूस. बेस होत्या ॲन ब्राऊन, जवळच्याच बाल्टिमोरच्या. न्यूयॉर्कनंतर दौरा निघाला आणि शेवटी वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरला आला. रंगमंचावर जवळजवळ सगळे कलावंत कृष्णवर्णीय, आणि त्या थिएटरात कृष्णवर्णीय प्रेक्षकाला प्रवेश नाही. डंकन ज्यांना शिकवत होते, त्या विद्यार्थ्यांनाही नाही. ॲन ब्राऊन म्हणाल्या, माझे आईवडील मला ऐकायला येऊ शकत नसतील तर मी गाणार नाही. डंकननीही तेच सांगितलं.

थिएटरवाले तडजोडीला आले. तुमच्या लोकांसाठी दुपारचे वेगळे खेळ ठेवतो. नाही. बरं, वरच्या बाल्कनीत बसू देतो. नाही. डंकन यांचं म्हणणं एकच: कुणालाही कुठल्याही खुर्चीचं तिकीट मिळालं पाहिजे. कुठल्याही खुर्चीचं. हातचं काम जाण्याची भीती होती, तरी दोघं हलले नाहीत. अखेर थिएटर नमलं. त्या प्रयोगांना गोरे आणि काळे प्रेक्षक एकाच प्रेक्षागृहात, एकाच रांगेत बसले. त्या थिएटरात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

प्रयोग संपले, मुक्काम हलला, आणि थिएटरनं पुन्हा जुना नियम लावला. पुढे नटांच्या संघटनेनं बहिष्काराचं हत्यार उपसलं. तेव्हा मालकांनी १९४८ साली नाटकं बंद करून तिथं सिनेमा दाखवायला सुरुवात केली, पण दारं सर्वांना उघडली नाहीत. १९५२ साली तिथं पुन्हा नाटक सुरू झालं, आणि या वेळी तिकीट सगळ्यांना होतं. त्याच वर्षी लिओंटिन प्राइस नावाची एक तरुण गायिका बेस म्हणून दौऱ्यावर निघाली होती. तिची ध्वनिमुद्रणं मिळाली तर जरूर ऐका. नमस्कार.